विनम्र विजेता : अंतोन खेसिंक

प्रास्ताविक

पराभव पचवण्यासाठी मनाचे बळ लागते, हे सर्वांनाच पटते. विजय पचवण्यासाठी मात्र त्याहूनही अधिक बळ लागते, याचा विचार फारसा होत नाही. मैदानावर जिंकणारे खेळाडू पुष्कळ असतात. जिंकल्याच्या त्याच क्षणी पराभूताचा मान राखणारे थोडे असतात. नेदरलँड्सचे ज्युदोपटू अंतोन खेसिंक हे त्या थोड्यांपैकी एक होते. ज्या देशात ज्युदो जन्माला आला, त्याच देशात जाऊन, त्याच देशाच्या उत्तम खेळाडूला त्यांनी हरवले. परंतु त्या विजयाइतकीच त्यानंतरची त्यांची एक लहानशी कृती जगाच्या स्मरणात राहिली. प्रस्तुत पाठात त्यांच्या जीवनाचा आणि क्रीडाकारकिर्दीचा परिचय करून दिला आहे.

ज्युदो : एक खेळ, एक संस्कार

खेसिंक यांच्या यशाचे मोल समजण्यासाठी ज्युदोची थोडी ओळख हवी. जपानमध्ये निःशस्त्र झुंजीची जुजुत्सू नावाची जुनी विद्या होती. जिगोरो कानो या तरुण शिक्षकाने तिचा अभ्यास केला, तिच्यातील घातक डाव बाजूला ठेवले आणि शरीर व मन या दोहोंना वळण लावणारी एक नवी शिस्त निर्माण केली. १८८२ साली टोकियोतील एका बौद्ध मंदिराच्या आवारात, मोजक्या शिष्यांना घेऊन त्यांनी कोदोकान ही संस्था सुरू केली. या नव्या विद्येला त्यांनी ज्युदो हे नाव दिले. ‘ज्यु’ म्हणजे मृदुता आणि ‘दो’ म्हणजे मार्ग.

आपल्याकडील कुस्तीप्रमाणेच ज्युदोतही दोन खेळाडू एकमेकांना भिडतात. मात्र ते जाड सुती कापडाचा सैल पोशाख घालतात व कमरेला पट्टा बांधतात. प्रतिस्पर्ध्याच्या पोशाखाला धरून त्याचा तोल बिघडवायचा आणि त्याला गादीवर फेकायचे, हा या खेळाचा गाभा आहे. प्रतिस्पर्धी वेगाने व जोराने स्वच्छ पाठीवर पडला, तर इप्पॉन म्हणजे पूर्ण गुण मिळतो आणि लढत तेथेच संपते. त्याला जमिनीवर ठरावीक काळ दाबून धरले, तरीही इप्पॉन मिळतो. खेसिंक यांच्या काळात ही मुदत ३० सेकंदांची होती. लढतीच्या आरंभी आणि अखेरीस दोघांनी एकमेकांना लवून नमस्कार करणे हा केवळ शिष्टाचार नाही. समोरचा माणूस आहे म्हणूनच आपल्याला शिकता येते, ही जाणीव त्या नमस्कारात असते.

शक्तीपेक्षा कौशल्य मोठे, ही ज्युदोची श्रद्धा होती. म्हणूनच पहिल्या तीन जागतिक स्पर्धांमध्ये वजनाचे गट नव्हते. लहान चणीचा खेळाडूही धिप्पाड खेळाडूला फेकू शकतो, असे मानले जाई. या श्रद्धेची परीक्षा पुढे खेसिंक यांच्यामुळेच झाली.

बालपण आणि श्रमाची शाळा

अंतोन खेसिंक यांचा जन्म ६ एप्रिल १९३४ रोजी नेदरलँड्समधील उट्रेख्ट या शहरात झाला. घरची परिस्थिती गरिबीची होती. ते सहा वर्षांचे असताना, १९४० साली जर्मनीने नेदरलँड्सचा ताबा घेतला. पाच वर्षे देश परक्यांच्या टाचेखाली राहिला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तर देशाच्या पश्चिमेकडील शहरांमध्ये अन्नधान्य आणि इंधन यांची भयंकर टंचाई झाली व हजारो माणसे उपासमारीने दगावली. ज्या पिढीने हे दिवस पाहिले, त्या पिढीत अंतोन वाढला.

शिक्षणाची वाट त्याच्यासाठी लांबवर गेली नाही. कोवळ्या वयातच त्याला बांधकामावर मजुरी करावी लागली. विटा, वाळू आणि लाकूड यांच्या ओझ्याने त्याचे खांदे रुंदावले. पुढे जगाने ज्या बळाचे कौतुक केले, त्याचा पाया व्यायामशाळेत नव्हे, तर कामाच्या जागी घातला गेला होता. वयाच्या चौदाव्या वर्षी तो ज्युदोकडे वळला. युरोपात हा खेळ तेव्हा नवा होता. दिवसभर काम आणि त्यानंतर सराव असा त्याचा क्रम सुरू झाला. उंची भराभर वाढत होती; परंतु केवळ अंगबळावर या खेळात भागत नाही, हे त्याला लवकरच उमगले. तोल, पायांची हालचाल आणि योग्य क्षणाची निवड या गोष्टी त्याने चिकाटीने आत्मसात केल्या.

१९५१ साली युरोपीय ज्युदो अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. सतरा वर्षांच्या अंतोनने तेथे आपल्या गटात दुसरा क्रमांक मिळवला. पुढच्याच वर्षी तो विजेता ठरला. त्यानंतर १९६७ पर्यंत खेसिंक यांनी युरोपीय स्पर्धांमध्ये निरनिराळ्या गटांत मिळून एकूण २१ अजिंक्यपदे पटकावली. युरोपात त्यांना तोड उरली नाही. परंतु ज्युदोतील खरी कसोटी युरोपात होतच नव्हती. ती जपानमध्ये होती.

अपयशातून मिळालेले धडे

१९५६ साली टोकियोत ज्युदोची पहिली जागतिक स्पर्धा भरली. खेसिंक उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले. तेथे योशिहिको योशिमात्सु या अनुभवी जपानी खेळाडूने त्यांना हरवले. खेसिंक यांना कांस्यपदक मिळाले आणि पहिले दोन्ही क्रमांक जपानकडे गेले. १९५८ साली पुन्हा टोकियोतच झालेल्या दुसऱ्या स्पर्धेत तर त्यांना रिकाम्या हाताने परतावे लागले. अंतिम लढत या वेळीही दोन जपानी खेळाडूंमध्येच झाली. कोजी सोने विजेते ठरले आणि अकिओ कामिनागा दुसरे आले.

जपानी खेळाडूंना हरवणे परक्यांच्या आवाक्यातले नाही, असा समज अशा निकालांमुळे दृढ होत होता. खेसिंक यांनी तो मानला नाही. पण त्याबरोबरच त्यांनी जपानी ज्युदोचा दुस्वासही केला नाही. ज्यांच्याकडून हरलो, त्यांच्याकडूनच शिकायचे, असा मार्ग त्यांनी निवडला. हाकू मिचिगामी हे जपानी गुरू तेव्हा फ्रान्समध्ये राहून युरोपीय खेळाडूंना शिकवत असत. खेसिंक यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. स्वतः जपानमध्ये जाऊनही त्यांनी तेथील खेळाडूंबरोबर कसून सराव केला. सरावात शेकडो वेळा उचलले जाणे, फेकले जाणे आणि पुन्हा उभे राहणे, हा दिनक्रम त्यांनी कमीपणा न मानता स्वीकारला.

मिचिगामी हे कडक शिस्तीचे शिक्षक होते. शिष्याच्या बळावर त्यांनी समाधान मानले नाही. बलवान माणूस बळावरच विसंबू लागला, तर त्याचे तंत्र कच्चे राहते, हे ते जाणून होते. म्हणून डावांच्या अचूकपणावर त्यांनी भर दिला. जमिनीवरील पकडींचा अभ्यास खेसिंक यांनी विशेष कष्टाने केला. त्याला त्यांनी धावणे, पोहणे आणि रानात ओंडके उचलणे अशा व्यायामांची जोड दिली. सुमारे साडेसहा फूट उंचीचा हा माणूस गादीवर आश्चर्य वाटावे इतक्या चपळाईने वावरू लागला.

पॅरिसमधील इतिहास

२ डिसेंबर १९६१ रोजी पॅरिसमध्ये तिसरी जागतिक स्पर्धा झाली. जपानचे तीन नामवंत खेळाडू खेसिंक यांच्या वाटेत उभे होते. उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी कामिनागा यांना हरवले. उपांत्य फेरीत ताकेशी कोगा यांच्यावर मात केली. अंतिम लढतीत तर समोर गतवेळचे विजेते कोजी सोने होते. खेसिंक यांनी त्यांना जमिनीवर दाबून धरले आणि ३० सेकंद सुटू दिले नाही. ज्युदोच्या इतिहासात प्रथमच जपानबाहेरचा खेळाडू जगज्जेता ठरला.

या निकालाने जपानला धक्का बसला. ज्युदोमध्ये वजनाचे गट असावेत की नसावेत, ही चर्चा आधीपासून चालू होती. तिला आता जोर आला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा प्रथमच समावेश होणार होता. तेथे ६८ किलोपर्यंत, ८० किलोपर्यंत आणि ८० किलोंहून अधिक असे तीन गट ठरले. शिवाय वजनाची कोणतीही अट नसलेला एक खुला गट ठेवण्यात आला. जपानी रसिकांच्या दृष्टीने खुला गट हाच ज्युदोचा आत्मा होता. कारण लहानमोठ्याचा भेद न करणारी मूळ परंपरा त्यातच टिकून होती.

टोकियोतील तो दिवस

१९६४ चे ऑलिंपिक जपानसाठी केवळ एक क्रीडामहोत्सव नव्हते. दुसऱ्या महायुद्धात हा देश बेचिराख झाला होता. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असताना शाळांमधून ज्युदो शिकवण्यावरही काही वर्षे बंदी होती. त्यातून सावरलेला जपान आता जगाचे स्वागत करत होता. ज्युदोच्या स्पर्धांसाठी टोकियोत निप्पॉन बुदोकान हे भव्य अष्टकोनी सभागृह उभारण्यात आले. आपल्या मातीतला खेळ जगाच्या मंचावर आला असताना चारही सुवर्णपदके आपणच जिंकावीत, अशी जपानी जनतेची तीव्र इच्छा होती.

आरंभ त्या इच्छेप्रमाणेच झाला. पहिल्या तीन दिवसांत ताकेहिदे नाकातानी, इसाओ ओकानो आणि इसाओ इनोकुमा यांनी तिन्ही वजनी गटांची सुवर्णपदके जिंकली. राहिला होता खुला गट. त्यात जपानने अकिओ कामिनागा यांना उतरवले होते. कामिनागा हे तीन वेळा अखिल जपान विजेते ठरलेले, अनुभवी खेळाडू होते. त्यांची उंची व वजन खेसिंक यांच्यापेक्षा बरेच कमी होते. आपल्या देशाची सारी आशा आपल्या एकट्याच्या खांद्यावर आहे, याची त्यांना पूर्ण कल्पना होती.

२३ ऑक्टोबर १९६४ हा तो दिवस. प्राथमिक फेरीतच दोघांची एकदा गाठ पडली आणि पंचांनी खेसिंक यांच्या बाजूने कौल दिला. नियमानुसार कामिनागा यांना आणखी एक संधी मिळाली. ते पुन्हा लढत वर आले. अंतिम फेरीत दोघे दुसऱ्यांदा समोरासमोर उभे राहिले.

लढतीची मुदत दहा मिनिटांची होती. प्रारंभीची कित्येक मिनिटे कोणालाही निर्णायक यश मिळाले नाही. कामिनागा संधी शोधत होते. खेसिंक घाई न करता त्यांचे प्रयत्न निष्फळ ठरवत होते. नऊ मिनिटे होत आली, तेव्हा कामिनागा यांनी पुढे सरसावून डाव टाकला. खेसिंक तोल न जाऊ देता सावरले आणि दोघेही खाली येताच त्यांनी कामिनागा यांना पकडीत घेतले. या पकडीला जपानी भाषेत केसा-गातामे म्हणतात. ‘केसा’ म्हणजे बौद्ध भिक्षूचे खांद्यावरून तिरपे घेतलेले वस्त्र. हा शब्द मूळच्या संस्कृत ‘काषाय’ या शब्दावरून आला आहे. त्या वस्त्राप्रमाणे प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर तिरपे रेलून त्याची मान व हात जखडून ठेवायचे, अशी ही पकड असते. कामिनागा यांनी सुटण्याची पराकाष्ठा केली. परंतु पकड ढिली झाली नाही. ३० सेकंद पूर्ण झाले आणि लढत संपली.

हजारो माणसांनी भरलेल्या त्या सभागृहात शांतता पसरली. अनेक जपानी प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी तरळले. त्याच वेळी खेसिंक यांचे काही देशबांधव आनंदाने बेभान होऊन गादीकडे धावले. आपल्या वीराला उचलून घ्यावे, असे त्यांना वाटत होते. ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलेल्या खेळाडूलाही त्या क्षणी जल्लोष करावासा वाटला असता, तर त्यात गैर काहीच नव्हते. परंतु खेसिंक अजून कामिनागा यांच्याजवळच, गादीवर होते. त्यांनी धावत येणाऱ्यांकडे पाहिले आणि हात उंचावून त्यांना तेथेच थांबण्याची खूण केली. लढत संपली होती, पण नमस्कार अजून व्हायचा होता. समोर एक थोर खेळाडू पराभवाचे दुःख सोसत होता. त्याच्या देखत, त्याच्याच गादीवर नाचणे खेसिंक यांना मान्य नव्हते.

चाहते जागीच थांबले. दोन्ही खेळाडू उठले. त्यांनी आपापले पोशाख नीट केले, ठरलेल्या जागी उभे राहून एकमेकांना लवून नमस्कार केला आणि त्यानंतरच विजेत्याचा विजय पूर्ण झाला. कामिनागा यांनीही आपला पराभव अत्यंत शांतपणे स्वीकारला.

जपानी जनतेला पराभवाचे दुःख झालेच. परंतु खेसिंक यांच्या त्या उंचावलेल्या हाताने तिचे मन जिंकले. या परक्या माणसाने ज्युदोचे केवळ डाव उचललेले नाहीत, तर ज्युदोचे मर्मही जाणले आहे, हे तिला उमगले. जपानने एक सुवर्णपदक गमावले, पण ज्युदो आता साऱ्या जगाचा झाला आहे, याची साक्षही त्याच दिवशी पटली.

कारकिर्दीचा उत्तरार्ध

१९६५ साली रिओ दि जानेरो येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत खेसिंक यांनी जड वजनाच्या गटाचे अजिंक्यपद मिळवले. १९६७ साली अखेरचे युरोपीय अजिंक्यपद जिंकून ते स्पर्धांमधून निवृत्त झाले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ज्युदोला स्थान नव्हते. १९७२ साली म्युनिकमध्ये तो परतला, तेव्हा नेदरलँड्सच्याच विम रुस्का यांनी दोन सुवर्णपदके जिंकली. खेसिंक यांनी उघडलेल्या दारातून इतरही आत येऊ लागले होते.

पुढे १९७० च्या दशकात खेसिंक यांनी काही काळ जपानमध्ये व्यावसायिक कुस्ती केली. त्यांनी ज्युदोवर पुस्तके लिहिली आणि खेळाच्या प्रशासनात लक्ष घातले. १९८७ साली त्यांची आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर निवड झाली. लहानपणी बांधकामावर राबलेला मजूर जगाच्या सर्वोच्च क्रीडासंस्थेचा सदस्य झाला.

या काळातील त्यांचे एक कार्य विशेष उल्लेखनीय आहे. ज्युदोतील दोन्ही खेळाडू परंपरेने पांढराच पोशाख घालत. त्यामुळे झटापटीत कोणाचा हात कोठे आहे, हे प्रेक्षकांना आणि कधीकधी पंचांनाही कळणे कठीण जाई. दोघांपैकी एकाने निळा पोशाख घालावा, अशी सूचना खेसिंक यांनी १९८० च्या दशकात मांडली. पांढरा रंग हे शुद्धतेचे प्रतीक मानणाऱ्या जपानचा तिला विरोध होता. अखेर १९९७ साली आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाने ती स्वीकारली. परंपरेचा आदर करणे म्हणजे तिच्यात कधीच बदल न करणे नव्हे, असे खेसिंक मानत होते, हे यावरून दिसते. त्याच वर्षी महासंघाने त्यांना दहावा दान ही ज्युदोतील अत्युच्च श्रेणी बहाल केली.

त्यांच्या वाटचालीत टीकेचा प्रसंगही आला. सॉल्ट लेक सिटी शहराला हिवाळी ऑलिंपिकचे यजमानपद देताना समितीच्या काही सदस्यांना लाभ मिळाल्याचे प्रकरण उघडकीस आले. खेसिंक यांच्या नावाच्या संस्थेला मिळालेल्या देणगीवरून १९९९ साली समितीने त्यांना समज दिली. त्यांचे सदस्यत्व मात्र कायम राहिले. थोर खेळाडूही चौकशीच्या पलीकडे नसतो, याची आठवण या प्रसंगाने करून दिली.

खेसिंक आयुष्यभर उट्रेख्टमध्येच राहिले. ज्या रस्त्यावर त्यांचे घर होते, त्या रस्त्याला त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव देण्यात आले. २७ ऑगस्ट २०१० रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्याच शहरात त्यांचे निधन झाले. त्यांचे तोलामोलाचे प्रतिस्पर्धी अकिओ कामिनागा त्यापूर्वीच, १९९३ साली निवर्तले होते.

समारोप

अंतोन खेसिंक यांची २१ युरोपीय अजिंक्यपदे, जागतिक विजेतेपदे आणि ऑलिंपिक सुवर्णपदक ही त्यांच्या कर्तृत्वाची साक्ष आहे. प्रतिकूल परिस्थितीत वाढलेला आणि शाळेपेक्षा कामावरच अधिक शिकलेला माणूस सातत्य आणि शिकण्याची तयारी यांच्या बळावर किती उंच जाऊ शकतो, हे त्यांच्या जीवनातून दिसते. दोनदा जपानमध्ये हार पत्करून त्याच भूमीवर त्यांनी यश मिळवले, हेही प्रेरणादायी आहे.

तथापि त्यांचे खरे मोठेपण त्या एका क्षणात साठवलेले आहे. प्रतिस्पर्ध्याला दाबून धरण्यासाठी लागणारे बळ त्यांनी अनेक वर्षे कमावले होते. स्वतःच्या आणि आपल्या माणसांच्या आनंदाला क्षणभर आवर घालण्याचे बळही त्यांनी त्याच गादीवर, पडता पडता आणि नमस्कार करता करता कमावले होते. पहिल्या बळाने त्यांना सुवर्णपदक दिले. दुसऱ्या बळाने त्यांना, ज्यांना त्यांनी हरवले, त्यांच्याच मनात कायमचे स्थान दिले.